फ्रीफाइलसिंक : रात्रभराचा दशावतार सांभाळताना

त्रिपुरारी पौर्णिमा झाली की आमच्या सिंधुदुर्गात जत्रा लागतात आणि माझी डिस्कवरच्या जागेची ओढाताण सुरू होते. मी शाळेत चित्रकला शिकवतो. दशावतार चित्रित करून ठेवणं ही माझी हौस. दोन कॅमेरे लावतो, दोन्ही फोरकेमध्ये, १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट). म्हणजे एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी. सहा तास नाटक चाललं की ५४० जीबी एका रात्रीत. २ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये १.८१ दिसते, तिच्यावर चौथं नाटक मावत नाही.

आणि यातलं काहीही पुन्हा मिळणारं नसतं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं ते ठरतं, बाकी संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या बोलतात. तीच मंडळी तेच आख्यान उद्या शेजारच्या गावात करतील तेव्हा ते वेगळं असेल. एखादा नट वर्षभराने भेटून विचारतो, "मास्तरांनू, त्या रातचो संकासुर आसा मा तुमच्याकडे?" तेव्हा मला 'आसा' म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी मी फ्रीफाइलसिंक हे फोल्डरचा बॅकअप ठेवणारं सॉफ्टवेअर वापरतो आणि त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

काम साधं आहे. डावीकडे मूळ फोल्डर, उजवीकडे बॅकअपचा फोल्डर. 'कंपेअर' दाबलं की तो दोन्ही बाजू ताडून पाहतो आणि काय करणार आहे त्याची यादी समोर ठेवतो. कोणती फाइल नवी जाणार, कोणती बदलणार, कोणती पुसली जाणार, सगळं ओळीओळीने, मधल्या रकान्यात खुणांसकट. तुम्ही 'सिंक्रोनाइझ' दाबेपर्यंत एकही बाइट हलत नाही. ही यादी हाच या सॉफ्टवेअरचा जीव आहे. माझा पुतण्या याच मशीनवर रील्स करतो. एकदा त्याने जागा करायला 'कॅमेरा बी'चा एक आख्खा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता. मी संध्याकाळी कंपेअर केलं तर उजव्या बाजूला त्या फोल्डरच्या सगळ्या फाइल्स पुसण्याच्या खुणेसह रांगेत उभ्या. तिथेच थांबलो, त्याला हाक मारली, फोल्डर परत जागेवर आणला. गुपचूप मागे चालून हुबेहूब नक्कल करणाऱ्या बॅकअपने ती चूक इमानेइतबारे बॅकअपवरही उतरवली असती.

म्हणून पद्धत निवडताना घाई करू नका. 'टू वे' बॅकअपसाठी नकोच, एका बाजूला पुसलेलं दुसऱ्या बाजूलाही पुसलं जातं. 'मिरर' उजवी बाजू डावीसारखी हुबेहूब करतो, म्हणजे डावीकडे नसलेलं उजवीकडून काढून टाकतो. 'अपडेट' फक्त नवं आणि बदललेलं नेतो, पुसत काहीच नाही. पुतण्याच्या त्या प्रसंगी कच्च्या फूटेजला मिरर होता, आता मी अपडेटच लावतो. त्यात एक अडचण आहे : मूळ फोल्डरचं नाव बदललं की बॅकअपवर जुन्या नावाचा राहतो आणि नव्या नावाचा पुन्हा पूर्ण कॉपी होतो. ५४० जीबीच्या फोल्डरला हे परवडत नाही. त्यामुळे फोल्डरला तारीख, गाव, आख्यान अशी नावं कार्ड उतरवतानाच द्यायची आणि मग त्यांना हात लावायचा नाही.

एडिटिंगच्या छोट्या फाइल्सना मिरर लावतो, पण 'व्हर्जनिंग' चालू करून. पुसलेली किंवा बदललेली जुनी फाइल मग तारीख-वेळ लागून वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसते.

दा विंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. तुमचा प्रोजेक्ट फूटेजच्या फोल्डरमध्ये नसतो. तो रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट लायब्ररीत असतो आणि ती तुम्ही मुद्दाम हलवली नसेल तर सी ड्राइव्हवर असते. फूटेजचा फोल्डर कितीही निष्ठेने कॉपी केलात तरी सगळे कट्स आणि रंगांचं काम मागेच राहतं. दिवसाचं काम संपलं की मी प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून डीआरपी फाइल फूटेजशेजारी ठेवतो. त्यात व्हिडिओ नसतो, त्यामुळे फाइल लहानच असते. उलट तात्पुरत्या फाइल्सचा 'कॅशक्लिप' फोल्डर बॅकअपवर नेण्यात काही अर्थ नाही, रिझॉल्व्ह तो पुन्हा बनवतो. फ्रीफाइलसिंकच्या फिल्टरमध्ये त्याचं नाव एकदा वगळलं की झालं. अधूनमधून प्लेबॅक मेनूतून न वापरलेली रेंडर कॅशही पुसावी, पुष्कळ जागा सुटते.

आमच्याकडे वीज कधीही जाते, म्हणून मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही : कॉपी चालू असताना फाइलला तात्पुरतं नाव असतं, पूर्ण उतरली की मगच खरं नाव मिळतं. मध्येच लाइट गेली तर अर्धवट फाइल पूर्ण असल्याचा भास होत नाही. वीज आल्यावर पुन्हा कंपेअर करायचं, राहिलेलं तेवढंच यादीत येतं. दुसरं म्हणजे यूएसबी डिस्कचं अक्षर आज ई, उद्या जी असं बदलतं. इथे अक्षराऐवजी चौकोनी कंसात डिस्कचं नाव लिहिता येतं, मग ती कुठल्याही पोर्टला लावा.

उणी बाजू. नेहमीची तुलना फाइलची वेळ आणि आकार यांवरच होते. आतला डेटा खराब झाला असेल तर ते कळत नाही. त्यासाठी 'फाइल कंटेंट'ची तुलना आहे, पण ती दोन्हीकडच्या फाइल्स पूर्ण वाचते. सेकंदाला १२० एमबी वाचणाऱ्या हार्ड डिस्कवर एका नाटकाला सव्वा तास लागतो. मी ती कार्ड फॉरमॅट करण्याआधी करतोच, कितीही झोप आलेली असो. आणि हे सॉफ्टवेअर गूगल ड्राइव्हशी जोडता येत असलं तरी २० एमबीपीएस अपलोडवर ५४० जीबी चढवायला सलग ६० तास लागतील. आमच्या गावातून ते होणारं नाही.

त्यामुळे फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम मी डिस्कवरच पाळतो : तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर. काम एसएसडीवर, एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी कणकवलीला बहिणीकडच्या कपाटात. जत्रांचा हंगाम चालू असताना ती डिस्क दर महिन्याला घरी येते, अपडेट होते, परत जाते. बॅकअपवर साध्या फाइल्सच असल्यामुळे बहिणीच्या लॅपटॉपला लावली तरी नाटक थेट चालू होतं, त्यासाठी फ्रीफाइलसिंक तिथे असावं लागत नाही.

घरगुती वापराला पैसे पडत नाहीत. देणगी दिली तर पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, आवृत्ती मिळते. लग्नाच्या शूटिंगसारख्या धंद्यासाठी वापरणार असाल तर त्यांच्या साइटवरचे परवान्याचे नियम आधी वाचून घ्या.