वाळूत काय पुरायचं: पीझो की मेम्स?

शेक टेबलवरच्या (कृत्रिम भूकंप देणारं हलतं टेबल) ओल्या वाळूत पुरायला त्वरणमापक घ्यायचा म्हटलं की लॅबमध्ये दोन तट पडतात: पीझो (ताण पडला की विद्युतभार देणाऱ्या स्फटिकाचा) आणि मेम्स (सिलिकॉन चिपवरचा). मी दोन्हीकडे राहून आलोय.

पीझोला नावं ठेवायला फारशी जागा नाही. कवच घट्ट बंद, सिग्नल स्वच्छ. सेंट्रीफ्यूजवर (मॉडेल गरागरा फिरवून त्यावरचं गुरुत्व वाढवणारं यंत्र) काम असेल तर डोळे झाकून तोच घ्या. ५० जीवर, म्हणजे गुरुत्वाच्या ५० पटीवर, प्रत्यक्षातला १ हर्ट्झचा हादरा मॉडेलमध्ये ५० हर्ट्झचा होतो, आणि इतक्या जलद कंपनांत पीझो निवांत असतो.

अडतं ते साध्या १ जीच्या टेबलावर. पीझोला स्थिर त्वरण (गुरुत्वासारखं, न बदलणारं) दिसत नाही, हे वाचलेलं सगळ्यांनीच असतं. मला ते कळलं वाळू उपसताना. लिक्विफॅक्शनची (हादऱ्याने ओली वाळू पातळ होण्याची) चाचणी झाली होती, आलेख देखणे आले होते. खणून पाहतो तर वरचा सेन्सर चांगलाच कलंडलेला! कधी कलंडला, किती, आलेखात अवाक्षर नाही. 'आडवं' म्हणून वहीत उतरवलेलं त्वरण नेमकं कुठल्या दिशेचं, देव जाणे. पेटी पुन्हा भरायची म्हणजे दोन दिवसांची हमाली. ती तीनदा केली.

मेम्स गुरुत्वही मोजत असतो. एक अंश कलला तरी आडव्या अक्षावर सुमारे ०.०१७ जी दिसतं. हादऱ्याआधीचं आणि नंतरचं रीडिंग ताडलं की कल समजतो. (जागच्या जागी गिरकी घेतली, तर मात्र त्यालाही पत्ता नसतो.) पुरतानाच सरळ बसलाय का ते कळतं. कॅलिब्रेशनलाही उलटासुलटा केला की पुरे, +१ आणि −१ जी हातात. पीझोच्या वेळी मी कॅलिब्रेटर मागायला शेजारच्या विभागात जायचो.

मेम्सची कटकट नाही असं नाही. एपॉक्सीत नीट बुडवला नाही तर पाणी शिरतं, बारीक हादऱ्यांत नॉइज जास्त, तारा जास्त. आणि त्याच्या रेकॉर्डवरून विस्थापन काढायला जाऊ नका: तो एका अंशाचा कल दोनदा इंटिग्रेट झाला की एका सेकंदात ८ सेंटिमीटरची थाप मारतो. अर्थात कायमचं विस्थापन पीझोकडूनही मिळत नाही, त्यासाठी एलव्हीडीटी (विस्थापन थेट मोजणारा सेन्सर) लागतोच.

तुमची वाळू कोरडी, दाट असेल तर कदाचित हा सगळा प्रश्नच येणार नाही. माझ्याकडचे पीझो हल्ली टेबलाच्या प्लेटवर असतात. वाळूत उतरत नाहीत.