मॅकॉले-२: जाड बिंदूंच्या हिशेबाला भरवशाचं सॉफ्टवेअर

शिवाजी विद्यापीठात किंवा शहरातल्या कॉलेजांत एम.एस्सी., पीएच.डी. करताना प्रक्षेपी प्रतलातले (अनंतावरचे बिंदू जोडलेल्या प्रतलातले) जाड बिंदू, म्हणजे ज्यांतून वक्राने ठरावीक पट जायचं असे बिंदू, विषय म्हणून घेतले असतील, तर पहिल्यांदा मॅकॉले-२ बसवा. ग्रेसन आणि स्टिलमन यांचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. विंडोजवर आधी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू हे लिनक्स टाकावं लागतं. ती खटपट नको असेल तर ब्राउझरमधली आवृत्ती वापरा. आकडेमोड सर्व्हरवर होते, त्यामुळे राजारामपुरीतल्या खोलीत मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही भागतं. फक्त लिहिलेलं काम लगेच आपल्याकडे उतरवून ठेवा.

चाचणीला ५ सामान्य (कुठलीही खास मांडणी नसलेले) बिंदू घ्या, प्रत्येकाची मल्टिप्लिसिटी (वक्र त्यातून किती पट जातो) २, वक्राचा घात ४. चौथ्या घाताच्या समघाती बहुपदीत १५ सहगुणक असतात. मल्टिप्लिसिटी म असेल तर एक बिंदू म(म+१)/२ अटी घालतो, म्हणजे इथे ५ × ३ = १५. हिशेबाने वक्र उरायला नको, पण पाचही बिंदूंतून जाणारा शांकव दुप्पट घेतला की वक्र हजर! मॅकॉले-२ हे अचूक पकडतं. मात्र 'हिल्बर्टफंक्शन' ही आज्ञा १४ असं उत्तर देते आणि नवखे इथेच गोंधळतात. तो आकडा भागाकार-रिंगचा आहे, म्हणजे सगळ्या बहुपदींना आयडियलने (बिंदूंच्या अटी पाळणाऱ्या बहुपदींच्या संचाने) भागून जे उरतं त्याचा. १५ मधून वजा करा, मग आयडियलचा १ मिळतो.

दुसरी चूक याहून महाग पडते. प्रत्येक बिंदूच्या आयडियलचा आधी घात घ्या, मग छेद (सगळ्यांतला समाईक भाग) काढा. उलट क्रमाने केलं तर वेगळाच आयडियल येतो. तीन निर्देशक-बिंदूंवर, म्हणजे (१,०,०), (०,१,०), (०,०,१) वर, तपासा: क्ष·य·झ तिन्ही ठिकाणी दुप्पट शून्य होतं, पण छेदाच्या वर्गात ४ पेक्षा कमी घाताचं काहीच नसतं.

परिमेय संख्यांवर काम केलं तर सहगुणक फुगतात आणि लॅपटॉप अडतो. म्हणून ३२००३ या मूळ संख्येवरचं सांत क्षेत्र (तिने भागून उरणाऱ्या बाक्यांवरचा हिशेब) घ्या. १०१ घेऊ नका: १० बिंदूंत १२० त्रिकुटं होतात, आणि प्रत्येक त्रिकूट एका रेषेत येण्याची शक्यता साधारण १०१त १. असे बिंदू सामान्य राहत नाहीत.

खरा कस लागतो तो १० बिंदू, मल्टिप्लिसिटी ६, घात १९ या प्रश्नात. ६√१० म्हणजे सुमारे १८.९७, आणि वक्राचा घात याहून मोठाच असतो एवढंच नागाता या गणितज्ञाचं १९५९चं अनुमान म्हणतं, त्यामुळे १९ बद्दल ते काहीच सांगत नाही. सहगुणक २१० आणि अटीही १० × २१ = २१०, म्हणून वक्र नसावा, असं सेग्रे-हार्बोर्न-जिमिलियानो-हिर्शोवित्झ अनुमान (अटींचा हिशेब कधी चुकतो ते सांगणारं) म्हणतं. इथे छेद काढत बसू नका, ग्रोब्नर बेसिसमध्ये (आयडियलच्या हिशेबासाठी लागणारा बहुपदींचा संच) वेळ जातो. पाचव्या क्रमाच्या आंशिक अवकलजांची २१० × २१० मॅट्रिक्स मांडा आणि 'रँक' (स्वतंत्र ओळींची संख्या) विचारा. ते पटकन होतं. रँक एकदा जरी २१० आली, तरी संमिश्र संख्यांवरच्या सामान्य बिंदूंसाठी सिद्धता झाली. कमी आली तर काहीच सिद्ध होत नाही, दुसरे बिंदू घेऊन बघा.

बिंदू यादृच्छिक निवडण्याआधी 'सेटरँडमसीड' (पुन्हा तेच बिंदू निवडले जावेत यासाठीची आज्ञा) द्या आणि बिंदूंचे निर्देशक प्रबंधात छापा, म्हणजे परीक्षकाला तीच मॅट्रिक्स पुन्हा काढता येईल.