साधा फोन की लगाम घातलेला स्मार्टफोन?

फोनपासून दोन पावलं मागे यायचं ठरवलं की समोर दोन वाटा असतात: बटणांचा साधा फोन घ्यायचा, नाहीतर हातातल्याच स्मार्टफोनला आवर घालायचा.

आवर घालणं सोपं. २०१८ साली अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत अ‍ॅपला वेळेची मर्यादा घालायची सोय आली. स्क्रीन काळी-पांढरी करा, नोटिफिकेशन बंद ठेवा. नकाशा, बँक, ओटीपी सगळं जागच्या जागी. अडचण एकच, पण मोठी. वेळ संपल्याची पाटी झळकते आणि आयफोनवर तर तिथंच ती धुडकावायचं बटणही असतं. दमलेल्या संध्याकाळी अंगठा आपसूक तिकडे जातो.

साध्या फोनमध्ये ही झटापटच नाही, कारण सरकवत राहावं असं त्यात काही नसतं. रांगेत उभं असताना चक्क कंटाळा येतो. मला तो फार मोलाचा वाटतो: अडलेली कवितेची ओळ किंवा सापडत नसलेली चाल अशाच रिकाम्या मिनिटांत सुचते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या टेक्सास विद्यापीठाच्या एका प्रयोगात फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी विचारशक्तीच्या चाचण्या टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा चांगल्या सोडवल्या होत्या, तेही फोन गप्प असताना.

गैरसोय होतेच. ग्रुपवरचे निरोप चुकतात, अनोळखी रस्ता विचारत जावं लागतं. घेताना ४जी चालतं का तेवढं बघा. जुनी नेटवर्क अनेक देशांत बंद होत आहेत.

रोज काही लिहिणाऱ्या, रेखाटणाऱ्या माणसाला मी साधा फोनच सुचवेन. स्मार्टफोन बँकेपुरता कपाटात राहू द्या.