पांढऱ्या पाटीची भाड्याची गाडी, कोकणची ट्रिप आणि गेलेले २९,००० रुपये

आधी आकडे सांगतो. गाडीचं भाडं १४,४०० रुपये. गाडी वापरली, भाडं दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिपॉझिटचे १५,००० बुडाले, 'डॅमेज'च्या नावाखाली वरून १२,००० रोख उकळले आणि जे ट्रॅफिकचं चलन माझं नव्हतंच त्याचे २,००० घेतले. एकूण २९,०००. सुट्ट्या लागल्या की सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेऊन कोकणात उतरायचं हा बेत घरोघरी होतो, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

आमची स्वतःची गाडी लहान आणि जुनी. आई-वडील, मुलं धरून सगळे मावतील अशी गाडी हवी होती. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली, खाली चांगले अभिप्राय होते, फोनवर माणूस गोड बोलला. ५,००० यूपीआयने ॲडव्हान्स, उरलेले ९,४०० गाडी घेताना, १५,००० डिपॉझिट 'गाडी आणली की अर्ध्या तासात परत'. शिवाय सिक्युरिटी म्हणून माझी स्कूटर आणि तिचं मूळ आरसी त्याच्याकडे ठेवायचं. पुण्यात हे सर्रास चालतं, त्यामुळे त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं.

त्याने रस्ता मात्र फार बारकाईने विचारला. मी सांगितला: ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, मग दापोली, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या आणखी दोन बोटी, गणपतीपुळे, आरे-वारे, देवगड, मालवण आणि परतीला आंबोली चढून आजरा-गडहिंग्लजमार्गे हायवे. 'मस्त रूट आहे दादा, तिन्ही बोटी घ्या, वळसा वाचतो,' म्हणाला. त्या बोटींचं त्याला एवढं अगत्य का, ते गाडी परत करताना कळलं.

गाडी द्यायला तो ऑफिसवर बोलावणार होता. आदल्या रात्री मेसेज आला, 'तुम्हाला लांब पडेल, पुलाखाली या.' पहाटे अंधारात गाडी उभी. पाटी पांढरी, अक्षरं काळी. मी विचारलंसुद्धा, ही पांढरी कशी? तो म्हणाला, 'फॅमिली असली की पांढरीच देतो, नाक्यावर कोणी अडवत नाही. विचारलंच तर मित्राची गाडी म्हणायचं.'

तो क्षण हा. 'मित्राची गाडी म्हणायचं.' हे वाक्य रोज रात्री आठवतं. भाड्याने द्यायच्या सेल्फ-ड्राइव्ह गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी, भाड्याने देताच येत नाही. खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही, म्हणजे घाटात काही झालं असतं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. पण पहाटे साडेपाचला, मागे मुलं पेंगुळलेली, वडील 'बोट चुकेल' म्हणून घाई करतायत, पैसे आधीच दिलेले, अशा वेळी कोण माघारी फिरेल? मी तरी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला. खाली वाकून टॉर्च लावायला गेलो तर त्याने खांद्यावर हात ठेवला, 'अहो दादा, खालून कोण बघतंय? निघा, ताम्हिणीत गर्दी होईल.' वर्षानुवर्षं गाडी चालवणारा माणूसही भाड्याची गाडी खालून तपासत नाही. त्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

ट्रिप छान झाली, ते नाकारत नाही. आरे-वारेच्या वळणावर खाली दोन्ही किनारे उघडले तेव्हा वडील पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. पण आता ते फोटोही बघवत नाहीत.

आंबोलीच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. मी खोटं बोललो नाही. भाड्याची आहे म्हणून सांगितलं. हवालदाराने पाटीकडे पाहिलं, मोबाईलमध्ये नंबर टाकला, मालकीण म्हणून भलत्याच बाईंचं नाव आलं. ते म्हणाले, 'पुढे कोणाला असं सांगत बसू नका,' आणि सोडून दिलं. कायदा मोडून धंदा करणारी गाडी समोर उभी, चालवणारा स्वतः सांगतोय, आणि नोंदसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीचा फटका बसला.

गाडी परत करताना तिथे तिघे होते, रात्रीचे साडेनऊ. एकाने सरळ जमिनीवर अंग टाकलं आणि इंजिनखाली टॉर्च मारला. ऑईल चेंबरला चेप, बंपरची खालची कड फाटलेली. 'फेरीच्या उताराला घासली.' ओहोटीला पाणी उतरलं की जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो, बसकी गाडी तिथे खरंच घासू शकते. म्हणूनच आरोप पटण्यासारखा असतो. पण मी तिन्ही ठिकाणी सगळ्यांना उतरवून, बोटीवरच्या माणसाच्या इशाऱ्यावर इंचाइंचाने गाडी चढवली होती. एकदाही आवाज आला नाही. मी स्वतः खाली वाकून पाहिलं: चेपेच्या आत काळं तेल आणि धूळ दगडासारखी घट्ट बसलेली. चार दिवसांत अशी पुटं चढत नाहीत. फोटो काढायला मोबाईल वर केला तर एकाने टॉर्चच बंद केला.

बिल सांगितलं ३२,५००. डिपॉझिट वजा जाता १७,५०० द्या, नाहीतर स्कूटर मिळणार नाही. मी पोलिसांचं नाव काढलं. त्याने शांतपणे उत्तर दिलं, 'बोलवा. विनापरवाना भाड्याची गाडी तुम्ही चालवलीत, १०,००० दंड चालवणाऱ्यालाही आहे.' या धंद्याची किल्ली इथे आहे. पांढरी पाटी त्यांना फक्त कर वाचवायला लागत नाही, गिऱ्हाईकाचं तोंड बंद करायलाही लागते. बायको आणि मुलं रिक्षात थांबलेली. घासाघीस करून १२,००० रोख दिले. वर २,००० चलनाचे. घरी येऊन चलन उघडलं तर तारीख मी गाडी घेण्याच्या तीन दिवस आधीची.

दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो. 'हा दिवाणी मामला आहे.' मी म्हटलं, माझी स्कूटर अडवून पैसे घेतले, हा दिवाणी कसा? 'स्कूटर मिळाली ना?' मग दुसऱ्या चौकीत पाठवलं, कारण पूल त्यांच्या हद्दीत. तिथे सांगितलं, पैसे घरून पाठवलेत, घराजवळच्या ठाण्यात जा. हद्दीचा प्रश्न असला तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घेता येते, हे मी वाचून गेलो होतो. फसवणुकीचं कलम ३१८ म्हटलं तर साहेब म्हणाले, 'वकील आहात का?' सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत म्हणून ऑनलाइन फसवणूक धरायला तयार नव्हते. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. आरटीओत बाबू म्हणाला, गाडी आम्हाला रस्त्यावर सापडली तर कारवाई करू. आंबोलीला ती पोलिसांना रस्त्यावरच सापडली होती, पण नोंद नाही. जाहिरात रोज इन्स्टाग्रामवर येते, गाडीचा नंबर मी लेखी दिलाय, आणखी कुठे सापडायला हवी? प्रत्येक खिडकीवर मलाच विचारलं, 'तुम्ही घेतलीच कशाला?' ज्यांनी हा धंदा थांबवायचा, ते गिऱ्हाईकाची उलटतपासणी घेतात. सोबत वडील होते, त्या वयाच्या माणसाला बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही.

पाटी काळी नसेल तर तिथूनच परत फिरा, ॲडव्हान्स गेला तरी चालेल. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून विमा आणि गाडीचा प्रकार पाहायला दोन मिनिटं लागतात. त्या नंबरवर आधीची चलनं किती, तेही गाडी घ्यायच्या आधीच पाहून स्क्रीनशॉट ठेवा. स्कूटर, मूळ लायसन्स, मूळ आधार कोणाच्या हाती देऊ नका. माझे १२,००० रोख त्या स्कूटरमुळे गेले. गाडी उजेडात घ्या, उजेडात परत करा, आणि जमलं तर वाटेतल्या गॅरेजवर लिफ्टवर चढवून खालचा व्हिडिओ काढा. रोख मागितली तर पावतीशिवाय देऊ नका. माझ्याकडे त्या १२,००० चा कागद नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अडचण एकच, करारावरचा पत्ता बंद रो-हाऊसचा निघाला. त्याच गाडीचं त्याच चेपेचं बिल भरलेला आणखी एक जण मला सापडलाय, त्याच्याकडून त्यांनी १८,००० घेतले. पुण्यात पुलाखाली गाडी घेऊन ऑईल चेंबरचे पैसे भरलेले अजून कोणी असाल तर चॅट, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ काहीही डिलीट करू नका, तक्रारीला तेच जोडायचेत.