आमवात आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या: माझ्या डब्यातल्या एकेकीचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, आमवात म्हणजे आरए, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वयानुसार गुडघे झिजतात तो प्रकार नाही, आपलीच इम्युनिटी आपल्याच सांध्यांवर उठते तो, आणि कुठल्याही व्हिटॅमिनने तो बरा होत नाही. औषध वेगळं आणि ही सोबतीची मंडळी वेगळी. पण आमच्यासारख्यांच्या घरी सोबतीच्या मंडळींचाच डबा मोठा असतो, काही डॉक्टरांनी लिहिलेल्या, एखादी केमिस्टने पुढे सरकवलेली आणि बाकीच्या नातेवाइकांच्या कृपेने आलेल्या. मला मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) ही आमवाताची औषधं चालू आहेत, मधे काही महिने स्टिरॉइड पण होतं, ते धरून वाचा.

पहिला नंबर डोळे झाकून फॉलिक ऍसिड 5 मिलिग्रॅमला. सगळ्यात स्वस्त, एका गोळीला दोनेक रुपये, जनऔषधीत गेलात तर त्याहून कमी, आणि डब्यातली हीच एक अशी की जी बंद केली तर फरक कळतो. मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फोलेटच्या, म्हणजे फॉलिक ऍसिड ज्याचं रूप आहे त्या व्हिटॅमिनच्या, कामात खोडा घालतं, मग ज्या पेशी भराभर तयार होतात, तोंडातल्या, आतड्यातल्या, रक्ताच्या, त्यांची उपासमार होते. तोंड येणं, मळमळ, एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या टेस्टचा आकडा वाढणं हे बरंचसं त्यातूनच. फॉलिक घेतलं की मळमळ आणि लिव्हरचा त्रास कमी होतो आणि औषध मधेच सोडून देणारे पेशंट पण कमी होतात, हे 2013 च्या कोक्रेनच्या (सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात नीट आलंय, आणि नेहमीच्या डोसमध्ये मेथोट्रेक्सेटचा सांध्यांवरचा असर काही कमी होत नाही. माझं म्हणाल तर गोळीच्या दुसऱ्या दिवशी फोडणीचा वास सुद्धा सहन व्हायचा नाही, ते आता खूपच आटोक्यात आहे.

आणि या गोळीचं मूळ आपल्या मुंबईत आहे बरं का! लुसी विल्स नावाची इंग्लंडची डॉक्टर 1928 मध्ये इकडे आली आणि गिरणी कामगारांमधल्या गरोदर बायकांचं रक्त इतकं का उतरतं ते शोधत बसली, यीस्टच्या अर्काने, म्हणजे ते ब्रेडला लावायचं मार्माइट असतं ना त्याने, त्या बायका सुधारल्या, 1931 ला तिने ते छापलं, आणि त्या अर्कात जे काही होतं ते पुढे फॉलिक ऍसिड निघालं. मग आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत होते, त्यांच्या टीमने 1940 च्या दशकात ते लॅबमध्ये बनवलं आणि त्याच फोलेटला आडवं जाणारी औषधं पण तिथेच बनवली, त्यातलंच एक मेथोट्रेक्सेट. ते आधी कॅन्सरवर वापरात आलं, आमवातासाठी अमेरिकेत रीतसर मंजुरी 1988 ला. म्हणजे औषध आणि त्याचा उतारा एकाच लॅबमधून, आणि सुब्बारावांचं नाव शाळेच्या पुस्तकात कुठे वाचल्याचं मला तरी आठवत नाही, असो.

एक स्टार कापते तो रंगासाठी. माझ्याकडे येते ती मेथोट्रेक्सेटची 2.5 ची गोळी बारीक पिवळी आणि फॉलिक पण बारीक पिवळी!! चष्मा नसला तर आईला काय, मला पण फरक कळत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज गेली तर तोंड सोलवटून निघतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. म्हणून दोन्ही एका डब्यात ठेवायच्याच नाहीत, मेथोट्रेक्सेटच्या स्ट्रिपवर मार्करने ठळक "फक्त रविवार रात्र" लिहायचं, आणि फॉलिक कुठल्या वारी ते डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्यायचं, बहुतेक डॉक्टर मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून देतात. शाकाहारी असाल तर बी12 पण एकदा बघून घ्या, कारण भरपूर फॉलिक चालू असलं की बी12 कमी असूनही हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं आणि पायाला मुंग्या मात्र येत राहतात.

दुसरी व्हिटॅमिन डी3, ती 60,000 युनिटची सॅशे. चव बरी आहे, कोमट दुधात गाठी होतात, चमच्याने घोटावं लागतं, जेवणानंतर घेतली तर जास्त चांगली लागू पडते कारण हे व्हिटॅमिन चरबीत विरघळणारं. माझा डीचा रिपोर्ट वीसच्या बराच खाली, म्हणजे चांगलाच कमी होता, सकाळी साडेसातची लोकल आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर घर, ऊन लागणार कुठून. अंगदुखी आणि तो जडपणा काही आठवड्यांनी कमी झाला, बोटांची सूज आहे तेवढीच राहिली, आणि ती अपेक्षा ठेवू पण नका. हाडांसाठी मात्र हवीच, कारण आमवात स्वतः हाडं पोकळ करतो आणि वर स्टिरॉइड असेल तर विचारूच नका.

व्हॉट्सॅपवर फिरतंय ना, "डी घ्या आमवात पळवा", त्यामागे एक खरी ट्रायल आहे, व्हायटल नावाची, 2022 ला छापून आलेली, अमेरिकेतले 25,871 लोक, पन्नाशीपुढचे पुरुष आणि पंचावन्नच्या पुढच्या बायका, रोज 2000 युनिट, पाच वर्षांच्या वर. डी घेणाऱ्यांमध्ये ऑटोइम्यून आजार, म्हणजे आमवातासारखे आपलीच इम्युनिटी उलटते ते, नव्याने होण्याचं प्रमाण 22 टक्क्यांनी कमी निघालं. नव्याने! आपल्याला झालाय तो पळून जाईल असं त्यात कुठेही नाही. आणि डोस होता रोजचा छोटा. आपल्याकडे 60,000 ची सॅशे साधारण आठवड्याला एक, तीही आठेक आठवडे, मग परत रिपोर्ट बघून. आमच्या बिल्डिंगमधले एक काका रोज एक घेत होते कारण केमिस्टने काही विचारलंच नाही, उलट्या आणि बद्धकोष्ठ होऊन ऍडमिट झाले तेव्हा कॅल्शियम चढलेलं निघालं आणि किडनीपर्यंत प्रकरण गेलं. सॅशेला चार स्टार, केमिस्टला शून्य.

कॅल्शियमबद्दल एवढंच की पाकिटावर 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असतं त्यातलं खरं कॅल्शियम 500 च, जेवणासोबत घ्या, रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही. नाचणीची भाकरी खाणाऱ्यांनी आधी हिशोब करा, गोळी लागेलच असं नाही.

केसांच्या गोळ्या. मेथोट्रेक्सेटने केस गळतात, मोरीची जाळी भरते, मग पार्लरवाली ताई बायोटिन सांगते, 10,000 मायक्रोग्रॅमवालं. केसांचा फरक मला शून्य. आणि हे कुणीच सांगत नाही की एवढ्या बायोटिनने लॅबचे काही रिपोर्ट चुकतात, थायरॉइडचे येऊ शकतात उलटसुलट, हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन खोटी कमी दिसू शकते, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रण खात्याने, 2017 ला तशी सूचनाच काढली होती. आम्ही तर सारखे रक्त देणारे लोक. घेत असाल तर लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना दोघांना सांगा. एक स्टार, तो पण डबीच्या झाकणाला, माझ्या बोटांनी सुद्धा पटकन उघडतं.

आता ती मोठी बाटली, नणंदबाईंनी प्रेमाने ऑनलाइन मागवून दिलेली. नाव लिहीत नाही, अशा दहा कंपन्या आहेत, सगळ्यांच्या बाटलीवर लाल चमकणारा गुडघा असतो. पुढे मोठ्या अक्षरात "जॉइंट पेन, आर्थ्रायटिस सपोर्ट" आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात "नॉट फॉर मेडिसिनल यूज", म्हणजे कंपनीच सांगतेय की हे औषध नाही! आत ग्लुकोसामाइन, जे झिजेच्या संधिवातावर तपासलंय आणि तिथे सुद्धा एकमत नाही, आमवाताचा त्याच्याशी संबंधच नाही, शिवाय ते बरेचदा खेकडा-कोळंबीच्या कवचापासून काढतात, नणंदबाई संकष्टीला लसूण खात नाहीत, त्यांना मी हे सांगितलेलं नाही. व्हिटॅमिन सी, ई आणि झिंक नावापुरतं. गुळवेल पण आहे, आणि मुंबईतल्याच डॉक्टरांनी 2021 ला गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापल्या होत्या, आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही हेही खरं, पण आधीच लिव्हरवर मेथोट्रेक्सेटचं ओझं असताना मी कशाला वाद घालू, घेतच नाही. रेटिंग विचारू नका.

शेवटची ओमेगा थ्री, फिश ऑइल. ही व्हिटॅमिन नाही पण सगळे त्यातच धरतात. इथे थोडा तरी आधार आहे, आमवातात सकाळचं आखडणं आणि दुखणं थोडं कमी होतं असं अभ्यासांत दिसलंय, पण डोस बघा, इपीए आणि डीएचए, म्हणजे फिश ऑइलमधले कामाचे दोन ओमेगा, मिळून रोज जवळपास तीन ग्रॅम, कित्येक महिने. साध्या 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये इपीए 180 आणि डीएचए 120, मिळून 300! म्हणजे दिवसाला नऊ-दहा कॅप्सूल. एक खाऊन फक्त ढेकर येतात, बांगड्याचे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. मी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाते, श्रावणात जवसाची चटणी, जवसातलं ओमेगा शरीरात इपीएमध्ये फार थोडं बदलतं पण भाकरीबरोबर लागते मस्त.

शेवाळापासून काढलेली शाकाहारी ओमेगा कुणी आमवातात नीट डोसमध्ये घेतली असेल तर खाली लिहा, ब्रँडसोबत मागच्या लेबलवरचा इपीए-डीएचएचा आकडा पण टाका, पुढच्या बाजूला मोठ्ठा छापलेला 1000 नको.