डोंबिवलीतल्या टेलरकाकूंचा रिव्ह्यू: फिटिंग दहापैकी नऊ, वेळ पाळणं दहापैकी तीन

आधीच सांगते, काकूंचं नाव-पत्ता इथे टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, "आहेत तेवढ्याच बायका मला आवरत नाहीत, अजून कुठे पाठवतेस!" डोंबिवली पूर्वेला एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर पुढच्या खोलीत दोन मशीन, एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून शिवायचं मशीन) आणि एक मुलगी हाताखाली, एवढंच दुकान. आसपास राहणाऱ्या बायकांना कळलंच असेल कोण ते. बाकीच्यांनी हे आपापल्या गावातल्या टेलरकडून काय मागायचं यासाठी वाचा.

माझी बॉडी कशी ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. उंची पाच फूट एक, खांदे अरुंद आणि उतरते, खाली सीट आणि मांड्या भरलेल्या. रेडीमेड कुर्ता छातीला एल बसतो, सीटला एक्सेल लागतो, एक्सेल घेतला की खांदा दंडावर येऊन बसतो आणि आपण मोठ्या बहिणीचे कपडे घातल्यासारखे दिसतो. इंटरनेटवर याला पेअर शेप म्हणतात, म्हणजे नाशपातीसारखा, वर अरुंद खाली रुंद, मग त्याच्या खाली दहा नियम असतात, हे घाला ते घालू नका, गडद रंग खाली आणि फिका वर. ते चूक आहे असं नाही पण मला तरी त्याचा फार उपयोग झाला नाही, कारण अरुंद खांद्याची पेअर आणि रुंद खांद्याची पेअर यांना एकच कुर्ता कसा बरा दिसेल? काकूंना मी हौसेनं तो चार्ट दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाल्या, "फळं राहू दे, हात वर कर."

हात वर करणं हीच त्यांची खरी टेस्ट. माप घेताना त्या तुम्हाला लोकलमध्ये हँडल पकडल्यासारखा हात वर करायला लावतात, मग खुर्चीवर बसवतात, मग वाकायला सांगतात. त्याआधी मी जिथे शिवायचे (नाव नाही घेत) तिथे मापाचा ब्लाउज दिला की काम संपलं, आणि मग जुन्या ब्लाउजमधली सगळी खोट नव्यात जशीच्या तशी. काकू मापाचा कपडा हातात धरत नाहीत. छाती, छातीच्या वर, छातीच्या खाली, कंबर, पोट वेगळं, सीट, मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई), दंड, खांद्यापासून टक्सचा (छातीला आकार देणाऱ्या चिमट्यांचा) पॉइंट, आणि दोन्ही खांदे वेगवेगळे. माझा उजवा खांदा थोडा खाली आहे, पर्स कायम त्याच बाजूला असते म्हणून असेल, हे मला कुठल्याच टेलरने कधी सांगितलं नव्हतं. वर त्या म्हणाल्या तू कॉम्प्युटरवर पुढे झुकून बसतेस म्हणून तुझा गळा मागे सरकतो आणि पुढून घशाला लागतो. तर त्यांनी खांद्याची शिवणच जरा पुढे घेतली. आता ऑफिसमध्ये दर दहा मिनिटांनी कुर्ता पुढे ओढायचं काम बंद झालंय.

आणि हो, माप द्यायला जाताना रोज जी ब्रा घालता तीच घालून जा. सैल घालून गेलं की टक्स खाली येतात, पॅडेड घालून गेलं की पुढे पोकळ राहतं. बायका हे सोडून बाकी सगळ्यावर पैसे घालवतात.

आता मुंढा. मला वाटायचं मुंढा सैल म्हणजे आराम. काकूंचं म्हणणं बरोबर उलटं आणि घातल्यावर पटतं. मुंढा खोल असला की बाही आणि कुर्त्याची बाजू खूप खाली जोडली जाते, मग हात वर केला की बाहीबरोबर अख्खा कुर्ता वर चढतो, पोट दिसतं, सीटवर चुण्या पडतात. मुंढा काखेजवळ नीट बसलेला असला की हात एकटाच हलतो, कपडा जागच्या जागी. रेडीमेडवाले मुंढा खोल ठेवतात कारण एकच साइझ शंभर जणींना चढवायचा असतो, त्यांचंही चुकत नाही. पण "मला कुर्ते सूटच होत नाहीत" म्हणणाऱ्या निम्म्या मैत्रिणींचा प्रॉब्लेम मुंढा आणि खांदा एवढाच आहे असं माझं ठाम मत झालंय, वजन वगैरे नंतर.

मापांवरून आठवलं, निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने सरकारसाठी भारतीय मापांचा 'इंडियासाइझ' म्हणून सर्व्हे हाती घेतला, १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं, सहा शहरं, त्यात मुंबई पण. म्हणजे आपल्या अंगाप्रमाणे साइझ ठरवायला हवेत हे वरच्यांनाही कळलंय. पण तरी एक चार्ट शेवटी चार्टच, तिरका खांदा आणि पोटाचं वेगळं माप त्यात कुठे बसणार.

लांबीचं सांगते. ४२-४४ इंची रेडीमेड कुर्ता माझ्या पोटरीच्या बरोबर जाड भागावर संपतो, म्हणजे आधीच बुटकी त्यात पाय अजून आखूड. काकूंनी खडूने खूण केली गुडघ्याच्या जरा खाली, ३८ इंच, आणि आरशात बघितलं तर पाय अचानक लांब. साधा हिशोब, कपडा जिथे संपतो तिथे नजर जाते, तर तो अंगाच्या जाड जागेवर संपवू नका. बाहीलाही तेच. अर्धी बाही छातीच्या रेषेत संपली की छाती रुंद दिसते, दंड जाड असेल तर बाही कोपराच्या खाली न्या आणि तोंडाशी थोडी निमुळती करा.

साइड कटवर तर त्या भांडतात. मी म्हटलं कट उंच द्या, फॅशन आहे. नाही म्हणाल्या. सीट भरलेली असेल आणि कट सीटच्या वर सुरू झाला तर पुढचा-मागचा पल्ला फाकतो आणि सगळ्यांचं लक्ष नको तिथे. त्यांनी कुर्ता कंबरेखाली हलका ए लाइन कापला, कट सीटच्या खाली सुरू केला, आता बसताना ओढाताण नाही. खिशावरूनही वाजलं. मला दोन्हीकडे खिसे हवेच होते. त्यांनी एकच दिला, पुढच्या कळीच्या (उभ्या जोडपट्टीच्या) शिवणीत, कारण बाजूच्या शिवणीत खिसा आणि त्यात मोबाइल ठेवला की मांडी डबल दिसते. एकाच खिशावर मी अजूनही नाराज आहे पण दिसतं चांगलं हे मान्य.

कळीदार कुर्ता त्यांचा सगळ्यात भारी. उभ्या शिवणींमुळे अंग सरळ दिसतं आणि घेर खालीच पडतो, पोटावर फुगत नाही. फक्त कापड मऊ पाहिजे, रेयॉन नाहीतर मलमल. मी खणाचा कळीदार करायला गेले तर म्हणाल्या खण कडक असतो, कळ्या उभ्या राहतील आणि तू तंबू दिसशील, शिवाय पारंपरिक गुळेदगुड्डच्या (कर्नाटकातल्या) खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, सगळीकडे जोड येतील. त्यांनी खणाचं नुसतं जॅकेट शिवलं, प्लेन कॉटनच्या कुर्त्यावर घालायला. खांद्यावर खण आल्यामुळे वरचा भाग भरल्यासारखा वाटतो आणि सीटकडे लक्ष कमी जातं. एका जॅकेटवर चार कुर्ते फिरतात, सणाला आणि ऑफिसला दोन्हीकडे चालतं. माझ्या कपाटातली ही सगळ्यात वसूल झालेली वस्तू.

ब्लाउजमध्ये त्या मास्टर आहेत. छाती भरलेली असेल तर कटोरी (छातीला वाटीसारखा वेगळा भाग जोडलेला), त्यात आधार मिळतो आणि गोलाई येते, बेताची असेल तर प्रिन्सेस कट (चिमट्यांऐवजी छातीवरून उभी शिवण) सफाईदार दिसतो, फोर टक्स, म्हणजे चार चिमट्यांचा साधा, रोजच्या वापराला. टक्सचं टोक पॉइंटच्या साधारण इंचभर आधी थांबतं, त्यामुळे पुढे टोक येत नाही. उतरत्या खांद्यांना एकच नियम, पुढून बोटनेक (खांद्यापर्यंत रुंद, उथळ गळा) आणि मागून खोल असं दोन्ही मागू नका, ब्लाउज उतरणारच, मग आख्खं लग्न पट्टी वर ओढण्यात जातं. एक काहीतरी निवडा नाहीतर मागे दोरी लावा. आणि आत दीड-दीड इंच मार्जिन सोडतात. ब्रँडेड रेडीमेडमध्ये आत अर्धा इंचही सापडत नाही, दोन किलो वाढले की कपडा वहिनीला.

आता तक्रारी. वेळेचं नाव काढू नका. "गुरुवारी ये" म्हणजे नक्की कुठला गुरुवार ते विचारून घ्या. माझ्या भाच्याच्या मुंजीचा ब्लाउज आदल्या रात्री नऊ वाजता मिळाला, हुक घरी लावले. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअॅपवर निळी टिक येते, उत्तर येत नाही. बोलणं फटकळ आहे, "पोट आत ओढू नकोस, मी तुझ्या पोटाचंच माप घेतेय" असं चार बायकांसमोर म्हणतात, कुणाला लागू शकतं. मला हसू येतं, माझी ऑफिसमधली मैत्रीण मात्र परत गेली नाही. जीन्स, फॉर्मल पँट, वेस्टर्न ड्रेस असलं काही देऊ नका, पँट शिवतात पण मागे फुगा येतो. रेडीमेड अल्टर करतात पण खांदा उसवायला तयार नसतात, कंबर आणि बाजू तेवढ्या आत घेतात. म्हणून रेडीमेड घेणार असाल तर खांद्याला बसतो तो घ्या, बाकीचं होतं.

रेट, मी गेले तेव्हाचे: अस्तराचा ब्लाउज साडेसातशे, कटोरीला शंभर जास्त, कुर्ता पाचशे, कळीदार साडेसहाशे, जॅकेट आठशे. स्वस्त नाही. वर कापड वेगळं, ४४ इंची पन्ह्यात कुर्त्याला अडीच मीटर लागतं, कळीदारला साडेतीनपर्यंत. कापड मी मंगलदास मार्केटमधून आणते, नाहीतर दादरला हिंदमाताला. सेलमध्ये हजाराचे दोन कुर्ते मिळतात ते खरंय. पण ते दोन कपाटात पडून राहतात आणि हा एक आठवड्यातून दोनदा अंगावर असतो, तुम्हीच हिशोब करा.

जाणार असाल तर गणपती संपल्या संपल्या जा, नवरात्र आलं की दिवाळीपर्यंत ऑर्डर बंद. सकाळी अकराच्या आधी गेलात तर मूड बरा असतो. कॉटन आधी रात्रभर पाण्यात घालून, वाळवून, इस्त्री करून न्या, कोरं कापड नेलंत तर आकसेल म्हणून तसंच परत पाठवतात, माझ्यासमोर एकीला पाठवलंय. आणि ट्रायलला जाताना जे सँडल घालणार तेच घालून जा.