गुलमर्ग, डिसेंबर आणि ‘बर्फाची हमी’: माझे 1,43,100 रुपये कसे गेले

मी बँकेत आहे, एकोणीस वर्षं. अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे टाकू नका, हे मी रोज काउंटरवर लोकांना सांगतो. तेच मी केलं. तक्रारी केल्या तेवढ्या सोडून दहा महिने घराबाहेर कोणाला बोललो नाही, लाज वाटत होती. आता लिहितोय, कारण ऑक्टोबर लागला आणि त्याच जाहिराती पुन्हा फिरायला लागल्या आहेत.

गोष्ट 2023 च्या दिवाळीआधीची. मुलाला आणि भाच्याला स्नोबोर्डिंग, म्हणजे पायांना फळी बांधून बर्फावरून घसरणं, शिकायचं होतं. काश्मीरला बर्फासाठी फेब्रुवारीत जावं, हे मलाही कळतं. चिल्लई कलान 21 डिसेंबरला सुरू होतो आणि पुढचे चाळीस दिवस तिथला खरा हिवाळा. त्याआधी पडलेला बर्फ खाली मैदानात बहुधा टिकत नाही. पण जानेवारी ते मार्च मला रजा मिळत नाही, आणि पोरांना किती वर्षं ‘पुढच्या वेळी’ सांगायचं? म्हणून ‘अर्ली सीझन स्नोबोर्ड कॅम्प, 9 ते 14 डिसेंबर, बर्फाची हमी, बर्फ नसेल तर पूर्ण पैसे परत’ हे वाचलं आणि फोन लावला. स्वस्तात मिळतंय म्हणून भुललो, असं कोणी म्हणू नये. माणशी 38,500 रुपये होते. तिघांचे 1,15,500.

29 ऑक्टोबरला 11,550 टोकन दिलं. बाकीचे देण्याआधी मी बर्फ किती आहे हे विचारलं होतं, एकदा नाही, तीनदा. 17 नोव्हेंबरला त्या कॅम्पवाल्याने व्हिडिओ पाठवला, ‘आज सकाळचा’ म्हणून. देवदारांवर बर्फ, छपरांवर हातभर थर, पोरं बोर्डवरून सरसर खाली येताहेत. आणि मागे जाळीला बांधलेला निळा फलक, त्यावर ‘विंटर गेम्स’.

मी तो वाचला. व्हिडिओ थांबवून, मोठा करून वाचला. खेलो इंडियाचे हिवाळी खेळ गुलमर्गला फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, त्या वर्षी ते 10 ते 14 फेब्रुवारीला झाले होते. नोव्हेंबरात तो फलक तिथे कसा? मी विचारलं. तो म्हणाला, “सर, मागचा बॅनर आहे, काढायचा राहिलाय.” नऊ महिने ऊन, पाऊस, वारा खाऊन फलकाचा रंग कोरा करकरीत राहतो का? रोज सह्या ताडून बघणारे माझे डोळे, आणि समोर दिसत असलेली गोष्ट मी मनातून पुसून टाकली. मुलगा शेजारी उभा राहून तोच व्हिडिओ पाचव्यांदा बघत होता. त्याला ‘थांब’ म्हणायचं धैर्य मला झालं नाही, हे खरं कारण. दुसऱ्या दिवशी 1,03,950 पाठवले. खातं कंपनीचं नव्हतं, एका बाईच्या नावाचं बचत खातं होतं. “अकाउंटंट मॅडम आहेत.” तेही चालवून घेतलं. पैसे नेहमी कंपनीच्या चालू खात्यातच टाका आणि जीएसटीचं बिल हातात आल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका.

6 डिसेंबरला बोर्ड आणि बुटांचं डिपॉझिट म्हणून आणखी 15,000 गेले. ‘परत मिळणारं’ डिपॉझिट.

9 तारखेला पायथ्याच्या टंगमर्गहून वर चढताना रस्त्याच्या कडेला बर्फाचा ठिपका नव्हता. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. मैदानात पिवळं गवत आणि त्यात चरणारी घोडी. फोन केला तर म्हणाला, “उद्या गोंडोलाने फेज टूला जा, वर भरपूर आहे. तिथून तिघांचा एक फोटो पाठवा.” गोंडोला म्हणजे तिथला रोपवे: पहिला टप्पा, फेज वन, कोंगडोरीपर्यंत, दुसरा, फेज टू, अफरवट डोंगरावर. तिकिटं आमच्याच पैशाने काढून गेलो. अफरवटचं वरचं स्टेशन 3,900 मीटरच्या पुढे आहे. तिथे पांढरं होतं, पण जागोजागी दगड वर आलेले. आम्ही फोटो काढला, हसून काढला, आणि पाठवला.

तो फोटो पाठवायला नको होता. तुम्हीही पाठवू नका. कारण पैसे परत मागितल्यावर तोच फोटो माझ्याकडे परत आला: “सर, तुमच्याच फोटोत बर्फ दिसतोय. हमी गुलमर्ग परिसराची होती.” हमीत बर्फ किती, कुठल्या उंचीवर, कुठल्या उतारावर, काहीच लिहिलेलं नव्हतं. ‘बर्फ आहे’ या वाक्याला अर्थ नसतो. फेज वनला, कोंगडोरीला, किती सेंटिमीटर? ताजा की बसलेला? हे विचारा आणि लेखी घ्या.

वर तो म्हणतो, पोरांना फेज टूवरच शिकवू! तिथला उतार शिकणाऱ्यांचा नाही. सपाट केलेली पट्टी नाही, हिमस्खलनाची भीती कायम. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले होते. त्या उतारावर हा पहिल्यांदा बोर्ड बांधणाऱ्या पोरांना नेणार होता.

11 तारखेला त्याने एक पोरगा पाठवला. तिघांत दोन बोर्ड, त्यातल्या एकाची बूट अडकवायची बांधणी तुटलेली. कोंगडोरीला झाडांच्या सावलीत चार बोटं बर्फ होता, तिथे शिकवायला लागला. एक स्थानिक प्रशिक्षक जाताना थांबले आणि म्हणाले, “साब, ये बर्फ नहीं, पत्थर पे चादर है.” त्यांनी मूठभर उचलून दाखवला, साखरेसारखा सुटा, मुठीत गोळा होईना. थर पातळ आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या असल्या की बर्फाचं असं होतं, म्हणाले. पुढे त्यावर जड बर्फ पडला की तोच घसरतो. त्यांचं बोलणं संपायच्या आत मुलगा पडला. शिकणारा बोर्डवरून पडतो तो मनगटावर आणि माकडहाडावर, आणि खाली दगड होता. तीन आठवडे प्लास्टर.

हॉटेलचे पैसे त्याने दोनच रात्रींचे भरले होते. उरलेल्या तीन रात्रींचे 4,200 प्रमाणे 12,600 मी दिले. म्हणजे 1,30,500 अधिक 12,600. विमानाचे 41,280 वेगळेच.

आता तक्रारीचं ऐका. तिथल्या पोलीस चौकीत म्हणाले, पैसे ठाणे शहरातून गेले, तिकडे जा. ठाणे शहरातले पोलीस म्हणाले, घटना काश्मीरची. झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवायचा गुन्हा) घ्या म्हटलं, तर साहेब नाहीत. चार वेळा गेलो, चारही वेळा साहेब नव्हते. पाचव्यांदा होते. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “बर्फ तर आहे की. हे दिवाणी प्रकरण.” मी फलकाचं सांगायला लागलो तर मोबाईल माझ्या हातात परत दिला. सायबर शाखेत सांगितलं, पैसे तुम्ही राजीखुशीने पाठवलेत, शिवाय दोन रात्री राहिलातही. एका पर्यटन कार्यालयाला तीन ईमेल केले, तिन्हींना ‘तक्रार नोंदवली आहे’ एवढंच एका ओळीचं उत्तर. माझ्या स्वतःच्या बँकेने, जिथे मी एकोणीस वर्षं घालवली, त्या खात्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. नियम मला माहीत आहे. तरी लागलं. मुलाच्या हाताचा एक्स-रे मी प्रत्येक टेबलावर ठेवला, कोणी वर धरून पाहिलाही नाही.

पैसे गेल्याचं त्याच दिवशी कळलं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, मी परत येईपर्यंत वाट पाहिली. ग्राहक आयोगात मात्र आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मी तिथे केली आहे, तारखा पडताहेत.

त्या हिवाळ्यात गुलमर्ग जानेवारीतही बोडकंच होतं. बर्फ आला तो महिनाअखेरीस. निसर्गावर माझा राग नाही. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येऊन तिकडे बर्फ पाडणारी वादळं, आलेच नाहीत तर कोणी काय करणार? पण हवामान खात्याचा अंदाज बघता येतो, हॉटेलवाल्याला थेट व्हिडिओ कॉल करून खिडकीबाहेर दाखवायला सांगता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, मी केलं नाही.

गेल्या आठवड्यात तो व्हिडिओ मला पुन्हा आला, दुसऱ्याच कंपनीच्या नावाने, ‘बुकिंग सुरू’ म्हणून. फलक आता कापून टाकलाय. पण सहाव्या सेकंदाला डाव्या कडेला निळा कोपरा आणि जाळीची दोरी दिसते, आणि पुढे पिवळ्या जॅकेटमधला मुलगा गुडघ्यावर पडून उठतो. हा व्हिडिओ तुमच्याकडे आला असेल तर एक रुपयाही पाठवू नका.